पाठचा भाऊ आणि कमरेचा फोटो

३ नोव्हेंबर

चि. बारक्यास दादाचा आशीर्वाद.

यापुढे ‘पत्रास कारण की’ असं लिहायची पद्धत आहे. कारण आहे, पण ते जरा मागाहून येऊ दे. पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्राचं तसं नाही, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुझ्या जुन्या कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून मिळवला. तो म्हणाला, तू आता एका मोठ्या गोदामात मुकादम आहेस, हाताखाली आठ माणसं आहेत. ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं म्हणून लिहितोय, उगीच गोड बोलायची माझी सवय नाही हे तुला माहीत आहे.

इकडे सगळे ठीक. तुझी वहिनी अजून शाळेच्या ग्रंथालयात आहे, पोरं पुस्तकं फाडतात आणि ही घरी येऊन माझ्यावर चिडते. माझी चिमणी तू गेलास तेव्हा पाच वर्षांची होती, आता कॉलेजात जाते आणि मला अक्कल शिकवते. बाबा एकोणऐंशीचे झाले. गुडघे गेले, आवाज तोच. परवा डोळ्यांवर चष्मा असताना घरभर चष्मा शोधत होते आणि सापडत नाही म्हणून मला शिव्या देत होते. म्हणजे ठणठणीत आहेत.

मी आता उचलत नाही. दुकानात टेबलाशी बसतो, कुणाचं कपाट कुठल्या मजल्यावर न्यायचं ते वहीत लिहितो आणि दुसऱ्यांना पाठवतो. तेही सलग बसून होत नाही. अर्ध्या तासाने उठून भिंतीला पाठ टेकून उभा राहतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं याला कुणीतरी शिक्षा केलीय. सकाळी मोजे चढवायला वीस मिनिटं लागतात. शिंक आली तर आधी काहीतरी घट्ट धरायचं आणि मग शिंकायचं.

आता कारण. नव्या डॉक्टर बाईंनी एमआरआय काढायला सांगितलाय. आजवर नुसते साधे एक्स-रे झाले, त्यात कुणी म्हणायचं गॅप आहे, कुणी म्हणायचं गादी सरकलीय. आता आतलं सगळं दिसेल म्हणे. पांढऱ्यावर काळं म्हणतात, पण फिल्म काळी असते, म्हणून काळ्यावर पांढरं म्हणू. चौदा वर्षं मी लोकांना सांगतोय की माझी कंबर माझ्या पाठच्या भावाने मोडली. पाठचा भाऊ आणि पाठीचं दुखणं, दोन्ही एकच, असा एक विनोदही मी करतो. लोक हसतात.

तू विसरला नसशील, तरी लिहितो. तिसरा मजला, आरशाचं कपाट, जिन्याचं वळण. मी खाली, तू वर. तू न सांगता हात काढलेस आणि ते धूड माझ्यावर आलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये मी. बाबा धावत आले तेव्हा तू त्यांना जे सांगितलंस ते इथे लिहीत नाही. बाबांनी तेव्हाच निकाल दिला होता, ओझं हातातून सुटलं तर माफ, पण वर जो खोटं बोलतो त्याच्याबरोबर जिना चढायचा नाही. महिन्याभरात तू गेलास.

दहा तारखेला फोटो आहे. बाबा एमआरआयला फोटोच म्हणतात आणि माझ्यापेक्षा तेच जास्त वाट बघतायत. रिपोर्ट आला की प्रत पाठवतो. वाच, आणि मग तुझं तूच ठरव.

तुझा दादा
(या जागी दुसरा कुणी नेमला नसशील तर)


२१ नोव्हेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी तीन ओळी. ‘रिपोर्ट जरूर पाठव. बाबांना नमस्कार. त्या दिवशी जिन्यात तू काय म्हणालास, ते फोटोत येईल का?’ अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. तिसऱ्या ओळीचं नंतर बघू, आधी फोटोचं सांगतो.

एका पांढऱ्या नळकांड्यात माणसाला सरकवतात. तिथल्या माणसाने हातात रबरी फुगा दिला, म्हणाला घाबरलात तर दाबा, पण दाबलात तर पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास हलायचं नाही. मला पाच मिनिटं उताणं पडवत नाही, हे सांगितल्यावर त्याने गुडघ्यांखाली उशी दिली. मग सुरू झालं. कानात बोळे असूनही पत्र्याच्या दुकानात झोपल्यासारखं वाटत होतं. आत जायच्या आधी त्याने फॉर्म भरताना विचारलं होतं, ‘दुखणं कधी सुरू झालं, कशामुळे?’ मी नेहमीची गोष्ट सांगितली. त्याने ती दीड ओळीत लिहिली. त्या नळकांड्यात पडल्यापडल्या मला उगीच वाटत राहिलं की हा माणूस पलीकडे काचेआड बसून ती दीड ओळ तपासून बघतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. पानभर इंग्रजी. चिमणी कॉलेजात होती, तेवढाही धीर धरवला नाही म्हणून शेजारच्या शिंप्याला दाखवला. त्याचा मेहुणा औषधांच्या दुकानात आहे, तेवढ्यावर हा स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. त्याने ‘डिजनरेटिव्ह’ या शब्दावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘शेठ, मणका कुजतोय.’ त्या दिवशी मी जेवलो नाही. पण खोटं कशाला बोलू, आतून कुठेतरी समाधानही वाटलं. म्हटलं, बघ, आलं ना फोटोत.

मग डॉक्टर बाईंकडे गेलो, तुझी वहिनी बरोबर. बाईंनी फिल्म उजेडावर लावली आणि पेनाने दाखवत गेल्या. हे कमरेचे पाच मणके. मधे गाद्या. वरच्या तीन पांढुरक्या दिसतात, म्हणजे त्यांच्यात पाणी आहे. खालच्या दोन काळसर, म्हणजे सुकल्यात. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली जराशी बाहेर आलीय.

‘नस दबलीय ना?’ मी विचारलं.

‘नाही. नस मोकळी आहे.’

‘आणि मोडल्याची जुनी खूण?’

‘तशी काही नाही.’

‘मग ते डिजनरेटिव्ह?’

‘म्हणजे झीज. केस पांढरे होतात ना, तसं हे आतलं. तुमच्या वयाची शंभर माणसं रस्त्यावरून धरून आणली आणि सगळ्यांचे फोटो काढले, तर निम्म्याहून जास्त फोटो असेच येतील. त्यातली कितीतरी माणसं म्हणतील, आम्हाला काही दुखत नाही.’

‘म्हणजे मी ढोंग करतो?’

‘मी असं कुठे म्हटलं? तुम्हाला दुखतंय हे खरंच आहे. पण का दुखतंय ते सगळं फोटोत दिसत नाही. फोटो म्हणजे घराचा नकाशा. घरात भांडण चाललंय की नाही, ते नकाशात येत नाही.’

मी कपाटाचं विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा मार लागला असेल, स्नायू दुखावले असतील, पण ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येतं. आज त्याची खूण नाही. सगळं त्यामुळेच झालं असं हा फोटो बघून कुणी सांगू शकणार नाही, आणि त्याचा काहीच संबंध नाही असंही नाही सांगता येणार. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘त्याच्या आधी कधी दुखायची?’

‘छे,’ मी म्हणालो.

‘दुखायची की,’ तुझी वहिनी म्हणाली. ‘कपाट पडायच्या आधी दोन-तीन महिने मी रोज चोळून देत होते. तुम्हीच म्हणायचात, बाबांना कळू देऊ नकोस.’

बाईंनी ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते लिहून घेतलं.

उपचार काय, तर चाला. रोज थोडं थोडं वाढवा. व्यायाम शिकवायला एक मुलगी आहे तिच्याकडे जा. वाकायला, उचलायला घाबरू नका, घाबरून घाबरून कंबर आणखी आखडते. डोंगर पोखरून उंदीर काढला. गंभीर काही नाही हे ऐकून तोंड पडलेला मी त्यांचा पहिलाच पेशंट असेन. बारक्या, मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकं वाईट वाटलं की पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला, आणि त्या वेळी कंबर दुखत नव्हती.

घराच्या कोपऱ्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, ‘भावजींनी खरंच न सांगता सोडलं होतं?’ मी म्हटलं, आता कशाला ते उकरून काढतेस. ती म्हणाली, ‘उकरून काढत नाही. विचारतेय.’

बाबांनी दारातच विचारलं, फोटोत काय आलं. सांगितलं काहीतरी. जेवताना पुन्हा विचारलं. हल्ली त्यांना एकदा सांगून भागत नाही.

रिपोर्टची प्रत सोबत आहे. शिंप्यासारखं वाचू नकोस.

दादा


१३ डिसेंबर

बारक्या,

मागच्या पत्राचं तुझं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. उत्तर देण्यासारखं मी त्यात काही लिहिलंच नव्हतं. तुझ्या कार्डातली तिसरी ओळ मी बाजूला ठेवली होती, ती घेतो.

फोटोत ते येत नाही. म्हणून मी लिहितो. मी ‘सोड’ म्हणालो होतो.

तुला हे माहीत आहे. पण माझ्या अक्षरात तू हे कधी वाचलेलं नाहीस, म्हणून नीट लिहितो. बाबांचा नियम होता की जिन्यात खालचा बोलेल आणि वरचा ऐकेल, कारण वजन खालच्यावर असतं. उचल, चल, थांब, टेक, सोड. पाच शब्द, सहावा नाही. टेक म्हटलं की टेकवायचं, आणि टेकनंतर सोड म्हटलं की हात काढायचे. वळणावर मला दम लागला म्हणून मी टेक म्हणालो. तू कपाटाची वरची कड पायरीवर टेकवलीस, माझी बाजू अजून हातांवरच होती. तेवढ्यात वरून ती घरमालकीण बाई सुरू झाली, भिंतीचा रंग खरवडला म्हणून. तू मान वळवून तिला उलट बोलायला लागलास. आणि मी म्हणालो, ‘सोड.’ म्हणजे जाऊ दे, तिच्या नादी लागू नकोस, भांडण सोड. घरात आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो तसं.

तुझे हात उघडले. सोळाव्या वर्षापासून बाबांनी तुझ्या हातांना जे शिकवलं होतं, ते हातांनी केलं. तू माझं ऐकलंस, बस, एवढाच तुझा गुन्हा.

बाबा आले, तू म्हणालास, ‘दादा सोड म्हणाला.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला चिकटून होतो, कपाळातून रक्त येत होतं, आणि मी म्हणालो, ‘मी काही बोललोच नाही.’ घाबरून बोललो, डोक्याला मार लागला होता, आठवत नव्हतं, असं काही मी तुला सांगणार नाही. मला माझा शब्द ऐकू आला होता.

का बोललो, तेही लिहितो, आता अर्धवट ठेवून उपयोग नाही. माझी कंबर त्याच्या आधीच जायला लागली होती. बाबांच्या ते लक्षात आलं असतं तर त्यांनी मला वर घातलं असतं आणि खालची जागा तुला दिली असती. आपल्या धंद्यात खालची जागा म्हणजे बाबांनंतरच्या कर्त्याची जागा, ते तुला सांगायला नको. तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आणि तेव्हाच माझ्यापेक्षा ताकदीचा. बाबा तुला बघून हसायचे तसे मला बघून कधी हसले नाहीत. कपाट पडलं आणि माझी सोयच झाली. कंबर कशाने गेली त्याला कारण मिळालं, आणि कारणाला तुझं नाव.

आता बाबांचं.

डॉक्टर बाईंकडून आलो त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, ‘आलं फोटोत. मणक्यावर खूण आहे.’ ते म्हणाले, ‘बघ,’ आणि समाधानाने जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, ‘फोटो काढलास का? काय आलं?’ आधी वाटलं चेष्टा करतात. मग कळलं की त्यांच्याकडे कालचं काही उरत नाही. जुनं सगळं आहे, आणि माझा फोटो काढायचाय एवढं कसं कोण जाणे पक्कं बसलंय. तुझं कपाट आहे, जिना आहे, घरमालकीण बाई आहे. आजचं मात्र दुपारच्या झोपेनंतर पुसलं जातं. चष्म्याचं मी तुला हसत लिहिलं होतं, ते हसण्यासारखं नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं.

आठ दिवस मी रोज तेच सांगत होतो, खूण आहे. चौदा वर्षांपूर्वी एकदा खोटं बोललो, पुढे ते आपोआप चालत राहिलं, मला काही करावं लागलं नाही. आता रोज सकाळी नव्याने बोलायची वेळ आली. नवव्या दिवशी तुझी वहिनी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘आज तुम्ही सांगता की मी सांगू?’ तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने कधी ओळखलं ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मी रिपोर्ट हातात घेऊन बाबांच्या समोर बसलो. कागद दिसला की त्यांना पटतं. म्हटलं, बाबा, फोटोत काही आलेलं नाही, आणि मी तेव्हा सोड म्हणालो होतो.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग विचारलं, ‘आधी टेक म्हणाला होतास?’

‘हो.’

‘आणि मग सोड.’

‘हो. म्हणजे भांडण सोड, असं.’

‘त्याला कसं कळणार?’

‘नाही कळणार.’

‘मग त्याचं काय चुकलं?’

‘काही नाही.’

मला वाटलं आता मारतील. काठी हाताशी होती. त्यांनी नुसतं दाराकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मग तो कुठंय?’

मी म्हटलं, कामावर गेलाय. ‘मग येईल,’ म्हणाले, आणि खुर्ची दाराकडे वळवून घेतली. जेवायला वळवेनात, म्हणून वहिनीने ताट तिथेच नेलं. मग झोपले. तीन वाजता उठले आणि मला विचारलं, ‘फोटोत काय आलं? दाखव त्या खोटारड्याला.’

त्या दिवसापासून रोज असंच चाललंय. सकाळी मी सांगतो, ते तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात, आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा पडतो. त्यांना दोन मुलगे, त्यातला खोटारडा कोणता, हे त्यांना रोज सकाळी कळतं. दोन दिवस मला ते बघवलं नाही आणि मी सांगितलंच नाही. त्या दोन दिवसांत ते सकाळभर तुला शिव्या देत होते, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. दुपारनंतर मी सांगून बघितलं, पण तेव्हा त्यांना बोलण्याचा अर्थच लागत नाही, नुसते चिडतात. बाबांचे डॉक्टर म्हणतात, हे सुधारायचं नाही. सकाळही हळूहळू लहान होत जाईल.

मला भीती एकच आहे. ज्या दिवशी ते जातील त्या दिवशी त्यांच्या डोक्यात सकाळ असेल की संध्याकाळ, ते माझ्या हातात नाही. संध्याकाळ असली तर तू खोटारडाच राहशील, आणि ते मग कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

हे सगळं बोलल्यावर माझी कंबर थांबली असेल असं तुला वाटेल. नाही थांबली. रोज चालायला जातो, व्यायामाची ती मुलगी पाय उचलायला लावते, मोजे आता दहा मिनिटांत चढतात. पण दुखतेच. फक्त ती आता माझी एकट्याची आहे, तिला कुणाचं नाव लावत नाही. शिंप्यालाही सांगितलं, दुकानातल्या माणसांनाही. तो पाठच्या भावाचा विनोद मी बंद केलाय, आणि तो माझा एकमेव चांगला विनोद होता.

माफ कर असं लिहिणार नाही. लिहिलं तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ओझं पुन्हा तुझ्याच बाजूला येईल. तू ये असंही म्हणायला मी कोण. म्हणून फक्त वेळ लिहितो. साडेनऊला त्यांचा चहा होतो. मग मी सांगतो. दहाच्या सुमाराला ते विचारतात, तो कुठंय. साडेबाराला जेवतात आणि झोपतात. मधले अडीच तास बाबांना तू जसा आहेस तसा माहीत असतोस. आल्यावर तुला काही सांगावं लागणार नाही, बाजू मांडावी लागणार नाही. आणि तू थांबलास, तर तीन वाजता ते तुला ओळखतील आणि हाकलतील. तेव्हा मी तिथे असेन, आणि तुझ्यासमोर पुन्हा सांगेन, त्यांना अर्थ लागो वा न लागो.

वाट बघतो असं लिहायची माझी लायकी नाही. रोज दहा वाजता दार उघडं ठेवतो, एवढंच.

दादा